ड्रेफसच्या आधीचा हर्बर्ट लोम

प्रश्न : 'पिंक पँथर'मधला, वेंधळ्या इन्स्पेक्टर क्लूझोचं नाव काढलं की डोळा फडफडायला लागणारा त्याचा साहेब ड्रेफस आमच्या घरात सगळ्यांचा लाडका. ते काम करणाऱ्या हर्बर्ट लोमने त्याआधी ब्रिटिश क्राइम पिक्चरमध्ये गुंडांची कामं केलीत म्हणे, खरं का? सुरुवात कुठून करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अगदी खरं, आणि सुरुवात १९५० च्या 'नाइट अँड द सिटी'पासूनच करा. लोमचा जन्म १९१७ चा, प्राग शहरातला, १९३९ मध्ये तो इंग्लंडला आला आणि उच्चारांमुळे त्याच्या वाट्याला परक्या माणसांची कामं यायची. इथे तो क्रिस्टो आहे, लंडनच्या सगळ्या कुस्त्या मुठीत ठेवणारा ग्रीक. त्याचा बाप ग्रेगोरियस अस्सल ग्रीको-रोमन शैलीचा पैलवान, पोराच्या खोट्या, आधी ठरवून केलेल्या कुस्त्यांची त्याला चीड, आणि एक फाटका दलाल नेमकी हीच चीड वापरून बापाला पोराच्या विरोधात उभा करतो. म्हातारा एका दांडगट तरुण पैलवानाशी भिडतो, मिठीत आवळून त्याला हरवतो आणि थोड्याच वेळात पोराच्या हातांत जीव सोडतो. तिथे लोमकडे नीट बघा हो, आरडाओरडा नाही काही नाही, सगळ्यांना धाकात ठेवणारा तो माणूस बापाला धरून बसलेला फक्त एक मुलगा उरतो. पुढे तो जे काही करतो त्यात मला खलनायक दिसतच नाही, पोरका झालेला माणूस दिसतो. (बापाचं काम केलंय ते स्टॅनिस्लॉस झिबिस्को, म्हणजे १९१० मध्ये लंडनला आपल्या गामा पैलवानाशी बरोबरीत सुटलेला आणि १९२८ मध्ये पतियाळाला त्याच्याकडून एका मिनिटाच्या आत हरलेला तोच मल्ल! कुस्ती खरी वाटते ती उगाच नाही.)

मग १९५७ चा 'हेल ड्रायव्हर्स', त्यात तो गुंड नाहीये, ट्रक चालवणारा इटालियन जीनो आहे, आणि त्या सगळ्या रांगड्या ड्रायव्हरांत हाच एक मायेचा माणूस.

१९५५ चा 'द लेडीकिलर्स' शेवटी बघा. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनजवळ एका म्हातारीच्या घरात पाच दरोडेखोर वाद्यवृंदाचं सोंग करून जमतात, रेकॉर्डवर संगीत चालू आणि आत दरोड्याचा बेत. बाकीचे हसवतात, लोमचा लुई मात्र एकदाही हसवायला जात नाही, त्याला खरंच ती म्हातारी नको असते, आणि म्हणूनच पिक्चरला धार आहे. ड्रेफस मला इथेच सापडला, कारण तिथेही तो विनोद करत नाही, खराखुरा वैतागतो. शिवाय पुढे क्लूझो झालेला पीटर सेलर्ससुद्धा याच टोळीत आहे. आणि लुईच्या डोक्यावर बहुतेक सगळा वेळ हॅट का, तर त्या काळात लोम लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात 'द किंग अँड आय' या संगीत नाटकातला राजा करत होता, त्यासाठी डोकं तुळतुळीत केलेलं होतं!