पण काहीच निघालं नाही तर?

"मॅडम, मोठ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे, आत्तापासूनच धडधडतंय." समुपदेशक म्हणून हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकताच कागद पुढे ओढते. फॅमिली डॉक्टरांनी "एकदा स्पेशालिस्टना दाखवून घ्या" म्हटलं की निम्मं पुणं रात्री गुगल उघडून बसतं आणि उरलेलं तारीख पुढे ढकलतं.

कोथरूडच्या शैलजाताई (नाव आणि तपशील बदलले आहेत) दुसऱ्या गटातल्या. पतसंस्थेत कॅशियर. सकाळी बोटं आखडायची, नोटा मोजताना हातातून सुटायच्या. दुपारपर्यंत सगळं ठीक. संधिवाततज्ज्ञांची वेळ घ्यायच्या आणि रद्द करायच्या.

"भीती कसली वाटते?"

"काहीतरी मोठं निघेल ना."

"समजा निघालं. मग?"

"मग काय, औषध घ्यायचं. सासूबाई घेतातच की शुगरचं."

खरंच आजाराला घाबरलेलं माणूस इतक्या चटकन औषधापर्यंत पोचत नाही. म्हणून मी उलटं विचारलं, "आणि काहीच निघालं नाही तर?"

त्यांनी फाइल उघडली, काही न बघताच मिटली. "मग घरी तोंड कसं दाखवू? हे म्हणतातच, तुझं सगळं मनाचं आहे. रिपोर्ट नॉर्मल आले की शिक्काच बसला."

इथे गाठ सापडली. आजार निघण्यापेक्षा आपण खोटं ठरण्याची धास्ती मोठी असते, आणि ती क्वचितच कुणी आपणहून सांगतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मला इथेच उपयोगी पडते: प्रसंगापेक्षा त्यामागचा हट्ट शोधायचा. ताईंचा हट्ट होता, माझं दुखणं रिपोर्टात दिसलंच पाहिजे.

"रिपोर्ट नॉर्मल आला तर उद्या नोटा सुटायच्या थांबतील?"

"छे हो."

"मग त्रास आहे तो आहेच. रिपोर्ट कारण शोधायला असतो."

बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "म्हणजे मी काही तिथे साक्ष द्यायला चालले नाहीये." वाक्य त्यांचं. पण योग्य प्रश्न योग्य वेळी पडला की माणूस असं बोलून जातो, आणि माझ्या कामातला आनंद तोच आहे.

वैद्यकीयदृष्ट्याही ते बरोबरच. आरए फॅक्टर ही रक्ततपासणी निगेटिव्ह असूनही आमवात (सांधे सुजवणारा संधिवाताचा एक प्रकार) असू शकतो आणि पॉझिटिव्ह असून नसूही शकतो. म्हणूनच डॉक्टर रिपोर्टाबरोबर हातही बघतात, हकीकतही विचारतात.

ती हकीकत मात्र घरूनच तयार करून न्यावी. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी भेटी तपासल्या, तेव्हा रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलले होते. आपल्याकडची बाहेरची गर्दी बघता फार वेगळी आशा धरू नये. तेव्हा २०१९ च्या बाळंतपणापासून सुरू करू नका. ताईंचं पहिलं वाक्य आम्ही घोटून घेतलं: "सकाळी तासभर मूठ वळत नाही, चार महिने झाले, दोन्ही हातांना." किती वेळ, कधीपासून, कुठे. "खूप दुखतं" यातून डॉक्टरांना काहीच हाती लागत नाही.

सूज संध्याकाळच्या अपॉइंटमेंटपर्यंत उतरते, म्हणून सकाळीच मोबाइलवर फोटो काढायला सांगितला. रिपोर्ट तारखेप्रमाणे, ताजा वर. चालू गोळ्यांची पाकिटंच न्यावीत, आणि मेडिकलमधून परस्पर आणलेली पेनकिलर किंवा कुणी दिलेली बिनलेबलची पुडी लपवू नये. अशा पुड्यांमध्ये कधीकधी स्टेरॉइड निघतं. डॉक्टर रागावतील याची काळजी नंतर. प्रश्न दोन-तीनच, कागदावर, आणि सर्वांत छळणारा प्रश्न पहिला, कारण शेवटचा नेहमी दाराशी राहून जातो.

सोबत कोण, यावर ताईंशी माझी जरा हुज्जतच झाली. मी मैत्रीण सुचवली. त्यांनी यजमानांनाच नेलं, "विचारल्याशिवाय बोलायचं नाही" या अटीवर. डॉक्टरांनी एकेक सांधा दाबून बघितला तो यजमानांनी समोर बसून पाहिला, तेव्हा निवड ताईंचीच बरोबर होती. निदान मुद्दाम लिहीत नाही. वाचणारे लगेच आपापली बोटं चाचपतात, आणि तेवढ्यावरून काही कळत नाही.