विचारा तर खरं : चोरून ऐकायचा तो रेडिओ

प्रश्न : आजी म्हणायची, पोर्तुगीज असताना घरात खिडक्या लावून एकदम हळू आवाजात रेडिओ ऐकायचे. आकाशवाणी तर नंतर आली ना, मग हा कुठला? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : तुमची आजी बरोबर सांगायची हो. सरकारी रेडिओ होता एमिसोरा द गोवा, १९४६ चा, त्याच्यावर पोर्तुगिजांना हवं तेच लागायचं. आजी ऐकायची ते बहुतेक 'गोंयचे सोडवणेचो आवाज', पोर्तुगीजमध्ये 'व्हॉज द लिबर्दाद'. वामन सरदेसाय आणि लिबिया लोबो या दोघांनी नोव्हेंबर १९५५ पासून हे स्टेशन चालवलं, आधी आंबोलीच्या आणि मग कॅसलरॉकच्या जंगलातून, ट्रान्समीटर चक्क ट्रकमध्ये, म्हणजे सगळं गोव्याच्या हद्दीबाहेर पण आवाज थेट घरात. गाणीबिणी फार नाहीत, सगळा भर बोलण्यावर, कोकणी आणि पोर्तुगीजमध्ये बातम्या, पोर्तुगिजांच्या खोट्या प्रचाराला उत्तरं, आफ्रिकेतल्या वसाहतींमध्ये काय चाललंय ते. दोन माणसं जंगलात राहून सहा वर्षं हे करतात, मला तर विचार करूनच भरून येतं.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा सुटला तेव्हा हेच दोघं विमानात बसले आणि वरून लाऊडस्पीकरवर लोकांना सांगितलं, पत्रकंही टाकली. नंतर दोघांनी लग्न केलं. लिबियाताईंना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्या शंभरीच्या होत्या.

आजीला आणखी काय आठवत होतं ते लिहून पाठवा ना, प्लीज.