‘वावरातलं काय लिहाचं थ्या फॉर्मात?’

“सर, इंग्रजी येत नाही म्हून पोराले पहिल्याच दिवशी वापस धाडलं. आता थ्यानं हा नाद सोडाचा काय?”

वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातून आलेल्या वडिलांचा हा प्रश्न. लष्करात अधिकारी निवडणाऱ्या ‘एसएसबी’च्या (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या) चाचण्यांतून मुलगा पहिल्याच दिवशी परत आला होता. मुलगा शेजारी खाली मान घालून बसला होता. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचं शेवटचं वर्ष, दहावीपर्यंत मराठी शाळा, घरी संत्र्याची बाग. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) विदर्भातल्या गावांमधून येणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांची ही नेहमीची काळजी आहे, म्हणून तिचं उत्तर सविस्तर देतो.

आधी वडिलांच्या मनातला एक गोंधळ दूर करावा लागला. त्यांच्या लेखी ‘मिलिटरी’ म्हणजे मैदानावरची भरती. गावातल्या एकाने तर “2 लाखात काम होते” असंही सांगून ठेवलं होतं. तांत्रिक शाखेच्या अधिकाऱ्याची वाट वेगळी असते. ‘एसएससी टेक’मध्ये (ठरावीक वर्षांच्या सेवेसाठी) अविवाहित मुलगे-मुली दोघांना आणि ‘टीजीसी’मध्ये (टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स, कायमस्वरूपी सेवेसाठी) अविवाहित मुलग्यांना अर्ज करता येतो. दोन्हींना वय 20 ते 27. लेखी परीक्षा नाही. इंजिनिअरिंगच्या टक्केवारीवर शाखेनुसार कट-ऑफ लागतो, मग पाच दिवसांची एसएसबी, मग वैद्यकीय तपासणी आणि शेवटी गुणवत्ता यादी. एसएसबीत मानसशास्त्रज्ञ, गटचाचणी अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी वेगवेगळं मूल्यमापन करतात आणि पाचव्या दिवशी कॉन्फरन्सला एकत्र बसतात. पैसे घेऊन ‘काम करून देणारा’ माणूस या साखळीत कुठेच बसत नाही. वडिलांना हे दोनदा सांगितलं, कारण त्यांनी एका व्यापाऱ्याकडे बागेच्या सौद्याची बोलणी सुरू केली होती.

आता इंग्रजीकडे येऊ. पहिल्या दिवशी दोन गोष्टी होतात. बुद्धिमापनाचे प्रश्न सोडवायचे असतात आणि एक धूसर चित्र 30 सेकंद दाखवून त्यावर 4 मिनिटांत गोष्ट लिहायला सांगतात. नंतर दहा-पंधरा जणांच्या गटात प्रत्येकाने ती गोष्ट साधारण मिनिटभरात सांगायची आणि चर्चा करून सगळ्यांची मिळून एक गोष्ट ठरवायची. मुलाला विचारलं, तू काय लिहिलंस? पाठ केल्यासारखा तो म्हणाला, “रवी नावाचा तरुण इंजिनिअर गावात येतो, लोकांना एकत्र करतो, वृक्षारोपण करतो, मुख्यमंत्र्यांच्या हस्ते पुरस्कार मिळतो.” चित्रात काय होतं? दोन माणसं आणि मागे पाण्यासारखं काहीतरी. म्हणजे गोष्ट चित्राची नव्हतीच, मोबाइलवर पाहून ठेवलेली होती. सांगताना मधलं वाक्य विसरला, थांबला, आणि पुढच्या चर्चेत तोंड उघडलं नाही. साधं, चुकतमाकत इंग्रजी चालून गेलं असतं. उसनी गोष्ट मात्र मध्येच तुटली की पुढे काही सुचत नाही, कारण ती आपली नसते.

त्याने घरी कच्ची भरून पाहिलेली माहिती-फॉर्मची प्रत सोबत आणली होती. एसएसबीत ‘पीआयक्यू’ म्हणतात तो हा फॉर्म: सर्वांत जास्त काळ कुठे राहिलात, आई-वडिलांचा व्यवसाय आणि उत्पन्न, गुण, खेळ, छंद, जबाबदारीची पदं. मुलाखतीचे बरेच प्रश्न यातूनच निघतात. त्यात छंद होता ‘वाचन, क्रिकेट’. जबाबदारीच्या रकान्यात रेघ मारलेली. शेतीबद्दल एक अक्षर नाही. विचारलं तर म्हणाला, “वावरातलं काय लिहाचं थ्या फॉर्मात? थे काय पोस्ट आहे काय?”

खरी अडचण इथे होती, आणि अशी रेघ आम्ही याआधीही पाहिली आहे. आंबिया बहरासाठी (जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या फुलोऱ्यासाठी) डिसेंबर-जानेवारीत बागेला ताण द्यायचा, म्हणजे पाणी बंद ठेवायचं, तो नेमका कधी तोडायचा, रात्रपाळीच्या विजेवर ओलित (बागेला पाणी देणं) कसं उरकायचं, तोडणीच्या दिवसांत मजुरांचा हिशोब कसा ठेवायचा, हे सगळं वडिलांच्या पाठीच्या दुखण्यामुळे दोन वर्षं हाच पोरगा पाहत होता. माणसं, वेळ आणि पाणी तिन्ही अपुरं असताना काम पार पाडणं यालाच तिथे संघटनक्षमता म्हणतात. ती त्याच्याकडे होती, फॉर्मात नव्हती.

मग प्रोजेक्ट. शेवटच्या वर्षाचं ‘आयओटी’वालं (इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांचं) मॉडेल गटातल्या मुलांनी शहरातून तयार आणलेलं. त्यातला सेन्सर किती व्होल्टवर चालतो, हेही त्याला सांगता येईना. तांत्रिक अधिकाऱ्याच्या मुलाखतीत इथेच पाय घसरतो, कारण प्रश्न पाठांतराचे कमी आणि ‘हे का, ते का नाही’ असे जास्त येतात. घरच्या विहिरीवरच्या मोटरीबद्दल विचारलं तेव्हा तो पहिल्यांदा मान वर करून बोलला. थ्री-फेजमधला एक फेज गेला तरी चालू मोटर फिरत राहते, उरलेल्या दोन फेजवर जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग तापून जळते. म्हणून त्याने स्टार्टरला फेज गेला की मोटर बंद पाडणारं यंत्र जोडलं होतं. मोबाइलवरून मोटर सुरू करणारं स्टार्टरही बसवलं होतं. पण रेंज गेली की मोटर चालू आहे की बंद हे कळत नाही, म्हणून बांधावरून दिसेल असा दिवा लावला. लष्कराच्या सिग्नल (दळणवळण), अभियांत्रिकी किंवा ईएमई (यंत्रसामग्रीची देखभाल-दुरुस्ती) या शाखांमध्ये जाऊ पाहणाऱ्या मुलाने सांगावं असं हेच. त्याला सांगितलं, तयार आणलेल्या प्रोजेक्टचा प्रत्येक भाग आता उघडून शिक, त्याची सुटका नाही. पण ‘स्वतः काय केलंस’ असं विचारलं तर आधी मोटर सांग.

सराव असा ठरला. वर्तमानपत्रातला रोज एक फोटो, 30 सेकंद पाहायचा, 4 मिनिटांत सहा-सात वाक्यं: कोण आहे, काय चाललंय, अडलंय कुठे, तो काय करतो, शेवट काय. मग तीच गोष्ट मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकायची. मानसशास्त्राच्या दिवशी शब्दचाचणीत 60 शब्द, प्रत्येकी 15 सेकंद. प्रसंगचाचणीत 60 प्रसंग, 30 मिनिटं. इतक्या घाईत उसनं उत्तर सुचतच नाही, जगलेलं तेवढं येतं. त्याला प्रसंग दिला: रात्री सोबत्याला साप चावला, गाडी नाही. त्याने लिहिलं, ‘मी त्याला मदत करीन आणि अधिकाऱ्यांना कळवीन.’ वडील मध्येच म्हणाले, “अरे, मागच्या पावसाळ्यात गड्याले चावला तवा तू काय केलतं?” तेव्हा त्याने पाय हलू दिला नाही, चिरा मारू दिल्या नाहीत, दोघांच्या मध्ये बसवून दुचाकीवरून ग्रामीण रुग्णालयात नेलं आणि निघण्याआधी फोन करून लस आहे का विचारलं. हेच त्याला दीड ओळीत लिहायला सांगितलं.

अर्जातल्या चुका वेगळ्या, आणि त्या जास्त वाईट, कारण त्यात माणूस एसएसबीपर्यंत पोचतच नाही. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी. अर्जातलं नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच हवं. शाखेचं नाव गुणपत्रिकेवर आहे तसंच जाहिरातीतल्या यादीत आहे का, ते शब्दन् शब्द ताडून पाहावं. फरक निघाला तर उमेदवारी रद्द होऊ शकते. सीजीपीएची टक्केवारी स्वतःच्या अंदाजाने काढू नये, विद्यापीठाच्या सूत्राने काढावी आणि कॉलेजचं पत्र घ्यावं. शेवटच्या वर्षात असलेल्यांचा कट-ऑफ सहाव्या सेमिस्टरपर्यंतच्या गुणांवर लागतो, पण अंतिम टक्केवारी त्या कट-ऑफखाली गेली तर निवड हातची जाते. म्हणून एसएसबीचा कॉल आला की सातव्या-आठव्या सेमिस्टरकडे दुर्लक्ष करणं परवडत नाही.

क्लासची फी झेपत नसेल तर नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. एसएसबीचा कोर्स साधारण दहा दिवसांचा. राहणं, जेवण, शिकवणं मोफत. टीजीसीचं कॉल लेटर हाती आलं की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करायची. विदर्भातली कितीतरी मुलं या केंद्राचं नावही न ऐकता उधारी करून क्लास लावतात, याचं फार वाईट वाटतं.

या मुलाचा दुसरा कॉल टीजीसीचा होता. नाशिकला जाऊन आला, मग एसएसबीला गेला. या वेळी पहिला दिवस पार झाला, पाचही दिवस राहिला. कॉन्फरन्सला निवड झाली नाही. परत आल्यावर मात्र तो इंग्रजीबद्दल बोलला नाही. म्हणाला, गटाच्या कामात फळी आणि दोर कसा लावायचा हे आधी मला दिसलं होतं, पण मी शेजारच्यालाच हळू सांगितलं, त्याने मोठ्याने सांगितलं. चूक कुठे झाली हे इतकं नेमकं सांगता येणं ही मोठी प्रगती आहे. तो 22 वर्षांचा आहे, वय बसतंय तोवर अर्ज करता येतो. आधीच्या दोन्ही एसएसबींची नोंद पुढच्या फॉर्ममध्ये खरीखरी करायची, हेही ठरलं.

वडिलांनी बागेचा सौदा थांबवला. आता त्यांनी पोराच्या धावण्याची जबाबदारी घेतली आहे. रुजू होण्याआधी अपेक्षित असलेलं अंतर 2.4 किलोमीटर, वेळ 10 मिनिटं 30 सेकंद. त्यांच्या बागेच्या फाटकापासून डांबरी फाटा 1.2 किलोमीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन बरोबर तेवढंच. पहाटे ओलित बंद केलं की बाप मोबाइल घेऊन फाटकात उभा राहतो. सध्या 11 मिनिटं 20 सेकंद लागतात.