चिपाडाचा कोळसा कोणत्या रानाला मानवतो?

प्रश्न : ताई, पन्हाळा तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. चुलवाणात जाळूनही हंगामाअखेर दोन-तीन गाड्या चिपाड उरतं आणि वळवात भिजून वाया जातं. त्याचा बायोचार, म्हणजे रानात घालायचा कोळसा, करून घातला तर एकरी दहा टन ऊस वाढतो, असं एक विक्रेता सांगून गेला. खरं का? दीड एकर तांबडा माळ आहे, एक एकर कासारीकाठचं काळं रान. पाचटाचाही, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याचाही, कोळसा करावा का? की कारखान्याच्या बॉयलरची राखच घालावी?

उत्तर : दादा, दहा टनांचं वचन कुणीच देऊ नये. एकाच कोळशाचा गुण रानागणिक बदलतो. तुमच्या माळाला तो मानवेल, नदीकाठच्या रानाला बहुधा नाही. पश्चिमेकडच्या पावसानं तांबड्या मातीतला चुना आणि पालाश धुऊन जातो, माती आम्ल होते. चिपाडाचा कोळसा चुन्याच्या अंगाचा, अल्कधर्मी. शिवाय त्याच्या बारीक छिद्रांत पाणी आणि खत धरून राहतं. काळ्या रानाचा सामू (pH, आम्ल-अल्काचं माप) आधीच आठाच्या आसपास असेल, तर तिथं आणखी अल्क नेऊन काय मिळवणार? दोन्ही रानांची माती तपासून घ्या, मगच हात घाला.

पाचटाचा कोळसा करू नका, आणि पेटवू तर नकाच. एकरी तीन-चार टन पाचट निघतं, त्यात साधारण अर्धा टक्का नत्र असतं. कोळसा करताना त्यातलं बरंचसं हवेत जातं. त्यापेक्षा खोडव्यात, म्हणजे तोडीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसात, सरीत पसरा, टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाका. ओल टिकते, तण दबतं, गांडुळं येतात. हे सोडून कोळशामागे लागणं मला पटत नाही.

बॉयलरची राख हा बायोचार नव्हे. भरपूर हवेत चिपाड जळलं की कर्ब (कार्बन) उडून जातो, मागे मुख्यतः सिलिका उरते. काळपट राखेत थोडा अर्धवट जळलेला कर्ब सापडतो, एवढंच.

आता तुमचं उरलेलं चिपाड. ते कडकडीत वाळलेलं हवं, म्हणून वळवाच्या आधीच उरका. वर पाच फूट रुंद आणि तळाला निमुळता होत जाणारा तीन फूट खोल खड्डा काढा. तळाशी जाळ करा, वरच्या थरावर पांढरी राख धरू लागली की चिपाडाचा पुढचा पातळ थर टाका. वरचा जाळ हवा खाऊन टाकतो, त्यामुळे खालचं चिपाड जळून राख न होता कोळसा होतं. धूर दाटला तर समजा, चिपाड ओलं आहे किंवा थर जाड पडला. खड्डा भरला की पाणी मारा, भरपूर मारा. मी दोन बॅरल भरूनच काडी लावते. वरून विझलेला ढीग आत धगधगत राहतो आणि सकाळी राख हाती येते.

कोळसा नीट झाला का, हे हात सांगतो. थंड झालेला तुकडा तळहातावर चोळा. चांगला असेल तर कुरकुरत चुरतो आणि काळं नुसत्या पाण्यानं निघतं. हात तेलकट झाला, धुराचा वास राहिला, तर तो अर्धकच्चा. पुढच्या खड्ड्यात पुन्हा घाला.

पहिल्या वर्षी मी ताजा कोळसा तसाच सरीत ओतला आणि महिनाभर लागण पिवळी राहिली. कोरा कोळसा मातीतलं नत्र स्वतःकडे ओढून घेतो. तेव्हापासून तेवढ्याच कुजलेल्या शेणखतात मिसळून, वर गोमूत्र शिंपडून, तीन आठवडे सावलीत ओला ठेवते. कारखान्याचं प्रेसमडही (रस गाळून उरलेली मळी) चालतं, पण जुनं, निवलेलं घ्या, ताजं तापतं.

सगळ्या दीड एकरात घालू नका. दोन गुंठे निवडा, गुंठ्याला 50 किलो कोळसा सरीत मुळांजवळ पडेल असा द्या आणि शेजारचे दोन गुंठे नुसत्या शेणखतावर ठेवा. वाळलेल्या चिपाडाचा पाचवा हिस्सा कोळसा निघतो असं धरलं, तर तुम्हाला 500 किलो चिपाड लागेल. तेवढं तुमच्याकडे आहे. इतर खतं दोन्हीकडे सारखीच द्या, नाहीतर फरक कशाचा ते कळणार नाही. पहिल्या तोडीला फार फरक दिसेल असं मानू नका. खोडवा फुटल्यावर दोन्हीकडचं एकेक बेट मुळांसकट काढा, धुवा, शेजारी शेजारी ठेवा आणि काय दिसलं ते मला लिहा.