हप्ता निघेल म्हणून गाडी भाड्याने द्यावी का?

एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात ते असं: "आमची गाडी तीन वर्षांची आहे, कर्जाचे 22 हप्ते बाकी आहेत. मिस्टरांचा ओव्हरटाइम बंद झाल्यापासून हप्ता जड जातोय. गाडी आठवड्यातून दोनच दिवस बाहेर निघते. घेतली ती मुख्यतः सासऱ्यांना रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावं लागतं म्हणून. एरवी ती पार्किंगमध्ये धूळ खात असते. ॲपवर नोंदवून ती भाड्याने दिली तर महिन्याला 12 दिवस सहज जाईल आणि हप्त्यापेक्षा वीस टक्के जास्त येतील, असं आमचं गणित आहे. जमलं तर दुसरी गाडी कर्जावर घेऊन तीही लावावी, असं मिस्टर म्हणतात. शोरूममध्ये टोकनही भरून आलेत. 14 हप्ते भरता येतील एवढी मुदत ठेव आहे, सासऱ्यांच्या आजारपणाचे पैसे वेगळे ठेवलेत. काय करावं?"

ताई, नमस्कार. आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. दुसरी गाडी घेऊ नका. आहे ती गाडीही निदान सध्या तरी भाड्याला लावू नका. हप्त्याचा ताण खरा आहे, पण तो उतरवायचा याहून सोपा मार्ग तुमच्याच पत्रात आहे.

गाडी सुमारे 95 टक्के वेळ उभीच असते, हा आकडा या धंद्यात सारखा कानावर येतो. आठवड्याचे 168 तास धरले तर चालणं जेमतेम आठ-साडेआठ तास. ऐकलं की वाटतं, केवढी संपत्ती वाया चाललीय. पण तुमची गाडी का उभी असते, ते तुम्हीच लिहिलंय. रात्री दोनला सासऱ्यांना धाप लागली तर ती दारात हवी. म्हणजे ती रिकामी नाही, तुमच्यासाठी थांबलेली आहे. तुम्ही हप्ता भरता तो या थांबण्याचाच. शनिवारी सकाळी एखादा अनोळखी माणूस ती घेऊन दीडशे किलोमीटरवर गेलेला असेल आणि त्याच रात्री गरज पडली, तर त्या दिवसाचं भाडं तुम्हाला कितीला पडलं?

तरीही गणित मांडू या, कारण मिस्टरांना पटायला आकडेच लागतील. तुमचा हप्ता 100 धरू. तुमच्या हिशोबाने 12 दिवसांचे 120 येतात, म्हणजे दिवसाला 10. पण बारा दिवस 'सहज' जात नाहीत. मागणी शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांना असते, आणि नेमकी तेव्हाच तुम्हालाही गाडी लागते. नव्या नोंदणीला सुरुवातीला आधीच्या ग्राहकाचा एकही शेरा नसतो, त्यामुळे लोक बिचकतात. आठ दिवस धरा. झाले 80.

त्यातून कंपनीचा वाटा जातो. टुरो या लोकांच्या खासगी गाड्या भाड्याने लावणाऱ्या अमेरिकन ॲपच्या वेगवेगळ्या योजनांमध्ये मालकाच्या हाती भाड्याचे 60 पासून 90 टक्क्यांपर्यंत येत आले आहेत. 90 चा आकडा बघून हुरळू नका. वाटा जितका मोठा, तितकं नुकसान झाल्यावर तुमच्या खिशातून जाणारं पहिलं ओझंही मोठं. आपण 70 टक्के धरू: 56 उरले. धुणं, आतली सफाई, किल्ली द्यायला-घ्यायला जाणं यात 8 गेले. टायर, ब्रेक, ऑइल, लवकर येणारं सर्व्हिसिंग यांचे 10. राहिले 38, आणि हे तुमच्या खात्यात खरोखर दिसतात. इथेच बहुतेक जण हिशोब थांबवतात. पण जास्तीच्या किलोमीटरमुळे गाडीची विक्रीची किंमत उतरते. हा घसारा बँकेच्या पासबुकात दिसत नाही, तो एकदम गाडी विकायच्या दिवशी दिसतो. त्याचे 14 बाजूला काढा. किरकोळ ठोकाठोक, ओरखडे, जे कंपनी भरून देत नाही, त्यासाठी 8. उरले 16, त्यावर आयकर वेगळा. आकडे मी अंदाजाने धरलेत, तुमच्याकडे ते थोडे इकडेतिकडे होतील. पण 120 चे 16 कसे होतात ते लक्षात यावं. आणि या 16 साठी महिन्याला पंधरा-एक तास द्यावे लागतील: फोटो, निरोप, उशीर करणाऱ्यांची वाट पाहणं.

फोटोंवरून आठवलं. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या एका गृहस्थांनी वर्षभर गाडी अशी दिली होती. एकदा गाडी परत आली, तेव्हा मी त्यांच्याकडेच होतो. पायाखालच्या मॅटखाली वाळू, मागच्या सीटला सिगारेटचा वास, पुढच्या डाव्या चाकाच्या अलॉयवर बोटभर लांब ओरखडा. डिकी उघडली तर स्टेपनी होती, पण त्यांची नव्हती, टायर गुळगुळीत झालेला. त्यांनी दावा टाकला आणि तो नाकारला गेला. गाडी देताना त्यांनी फोटो काढले होते, पण रात्री, पार्किंगच्या पिवळ्या दिव्यात. अलॉय त्या फोटोत नुसता काळा गोळा दिसत होता, आणि स्टेपनीचा फोटो काढायचं सुचलंच नव्हतं. मोठं नुकसान नव्हतं ते. पण एरवी शांत असणारा तो माणूस दोन महिने ईमेल लिहीत बसला होता, हे मी पाहिलंय.

खरा धोका मात्र ओरखड्याचा नाही, विम्याचा आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत साधारणपणे एक अट असते: गाडी भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापरली तर संरक्षण नाही. म्हणजे भाड्याच्या काळात अपघात झाला तर तुमची विमा कंपनी हात वर करू शकते, आणि मग सगळी भिस्त ॲपवाल्या कंपनीच्या विम्यावर. त्या विम्याला मर्यादा असते. आज टुरो नावाने चालणारी कंपनी 2012 मध्ये रिलेराइड्स होती. त्या वर्षी बॉस्टनमध्ये त्यांच्याकडून गाडी घेतलेल्या एकाचा अपघात झाला. तो स्वतः गेला, समोरच्या गाडीतले लोक गंभीर जखमी झाले. कंपनीचा विमा दहा लाख डॉलरचा होता, तरी दावे त्याच्या वर जातील आणि गाडीच्या मालकापर्यंत पोहोचतील का, हा प्रश्न उभा राहिलाच. मालक त्या वेळी गाडीत नव्हता, चूकही त्याची नव्हती. तुमच्या घराची, ठेवीची, सासऱ्यांच्या औषधपाण्याची रक्कम अशा प्रश्नाच्या टोकावर टांगायची नाही, एवढंच मला म्हणायचंय.

काही ठिकाणी कायद्याने यातून वाट काढलीय. कॅलिफोर्नियाने 2010 मध्ये कायदा केला आणि 2011 पासून तो लागू झाला. गाडी अशी वापरायला दिली म्हणून मालकाची खासगी पॉलिसी रद्द करता येणार नाही, आणि त्या काळातली जबाबदारी गाडी देणाऱ्या सेवेच्या विम्याची, असं त्यात ठरलं. पण त्यातच एक अट आहे, ती मला फार बोलकी वाटते: मालकाला वर्षभरात मिळालेलं भाडं गाडी बाळगण्याच्या आणि चालवण्याच्या वार्षिक खर्चापेक्षा जास्त नसावं. म्हणजे सवलत देतानाही कायद्याच्या मनात घरच्या गाडीचा खर्च हलका करणं होतं, गाड्या घेऊन धंदा मांडणं नव्हे. तुमच्या भागात खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देणं मुळात चालतं का, परवाना लागतो का, हे नोंदणी कार्यालयात विचारल्याशिवाय एक पाऊलही टाकू नका. ॲपवर नोंदणी झाली म्हणजे कायद्याने परवानगी मिळाली, असं होत नाही.

कर्जाचा करारही काढून वाचा. कर्ज फिटेपर्यंत गाडीवर बँकेचा बोजा असतो, आणि बहुतेक करारांत बँकेला न विचारता गाडी भाड्याने द्यायला मनाई असते. करार मोडला तर उरलेली सगळी रक्कम एकदम मागायचा हक्क बँकेला मिळू शकतो. हप्ता हलका करायला गेलात आणि सगळंच कर्ज अंगावर आलं, असं व्हायला नको.

आता मिस्टरांच्या दुसऱ्या गाडीबद्दल. पहिल्या गाडीचा घसारा आणि विमा तुम्ही असाही भरताच. दुसरीचं तसं नाही, तिचा प्रत्येक खर्च भाड्यातूनच निघायला हवा. वरच्या हिशोबात हातात येणारे 38 सुद्धा हप्त्याला पुरत नाहीत. शिवाय बुकिंग कमी-जास्त होतं, हप्ता होत नाही. 2020 मध्ये साथीने प्रवास थांबला, तेव्हा भाड्याच्या भरवशावर कर्जाने गाड्या घेतलेल्यांची हीच कोंडी झाली. कंपन्यांचाही नेम नाही. जनरल मोटर्सची मेव्हन ही अशीच गाड्या भाड्याने देणारी सेवा 2020 मध्ये बंद झाली, आणि टुरोसारख्याच गेटअराउंड या कंपनीने फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेतलं गाड्यांचं काम गुंडाळलं. सेवा बंद झाली तरी कर्ज चालूच राहतं.

मग हप्त्याचं काय? तुमच्या 22 बाकी हप्त्यांत मुद्दल साधारण 20 हप्त्यांएवढं असेल, नेमका आकडा बँकेकडून मागवा. मुदत ठेवीतून 6 हप्त्यांएवढी रक्कम मुद्दलात भरा. भरताना बँकेला लेखी सांगा की मुदत तीच ठेवा, हप्ता कमी करा. न सांगितलं तर अनेकदा मुदत कमी होते आणि हप्ता तेवढाच राहतो, आणि तुमची अडचण हप्त्याची आहे. मुद्दल 20 वरून 14 वर आलं की हप्ता जवळपास 30 टक्क्यांनी उतरतो. भाड्यातून 16 मिळत होते, तेही जोखमीसकट. इथे 30 वाचतात, आणि रात्री गाडी दारात असते. ठेवीवरचं व्याज सुटेल, पण साधारणपणे ते कर्जाच्या व्याजापेक्षा कमीच असतं. ठेव मोडण्याचा दंड आणि मुदतीआधी कर्ज भरण्याचं शुल्क किती, एवढं आधी विचारा. ठेवीतले 8 हप्ते शिल्लक राहतात, त्यांना हात लावू नका.

पुढे कधी सासऱ्यांसाठी दुसरी सोय झाली आणि पुन्हा हा विचार आलाच, तर विमा कंपनीला ईमेलवर एकच प्रश्न विचारा: "मी गाडी अमुक सेवेमार्फत भाड्याने दिली, तर त्या काळात आणि त्यानंतर माझी पॉलिसी चालू राहील का?" फोनवरचं 'हो' धरू नका. बँकेचंही लेखी हवं. आणि द्यायचीच झाली तर उजेडात, चारही चाकं, टप, काचा, सीट, स्टेपनी, आणि डॅशबोर्डवर किलोमीटर व इंधनाचा काटा एकाच फोटोत, परत घेतानाही तसंच. गाडीच्या स्क्रीनवर साठवलेला घरचा पत्ता आणि फोनमधली नावं पुसून टाका, डॅशबोर्डच्या कप्प्यातली कागदं काढून घ्या. जादा किल्ली गाडीत ठेवण्याची सवय असेल तर तीही.

मिस्टरांना हे पत्र वाचायला द्या. त्यांची धडपड घरासाठीच आहे, ती मला दिसते. फक्त टोकन परत मिळण्याची काही मुदत असते का, हे उद्या सकाळीच शोरूमला फोन करून विचारा आणि रद्द केल्याची पावती घ्या.