शुद्ध कोण, गाय की तूप?

प्रश्न असा आहे: डेअरीच्या पाटीवर ‘शुद्ध गाईचे तूप’ असे लिहिलेले असते. यात शुद्ध कोण, गाय की तूप? ‘गाईचे शुद्ध तूप’ हेच बरोबर धरायचे आणि पहिले चूक म्हणायचे का?

चूक नाही. ‘गाईचे शुद्ध तूप’ जास्त निःसंदिग्ध आहे, इतकेच. पण ही पाटी वाचून हसू का येते आणि तशाच रचनेच्या शेजारच्या पाटीवर का येत नाही, ते पाहण्यासारखे आहे.

शेजारची पाटी रसवंतीची घेऊ. ‘ताजा उसाचा रस’. इथेही विशेषण आधी, मग ‘उसाचा’, मग ‘रस’. तरी ताजा ऊस कुणाच्या मनात येत नाही, कारण ऊस ताजा म्हणायचा असता तर ‘ताज्या उसाचा रस’ लिहावे लागले असते. आकारान्त विशेषण मराठीत विकारी असते. ताजा रस, ताजी भाजी, ताजे दूध असे ते नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते, आणि नामाला विभक्तीचा प्रत्यय लागला की त्याचेही सामान्यरूप होते: ताज्या, जुन्या, मोठ्या. त्यामुळे विशेषण कुठेही बसले तरी ते कुणाचे, हे त्याच्या शेवटावरून कळते. ‘जुनी पुस्तकांची दुकाने’ म्हटले की दुकाने जुनी. ‘जुन्या पुस्तकांची दुकाने’ म्हटले की पुस्तके जुनी, दुकान कालचे असले तरी चालेल. एका ‘न्या’ने धंदाच बदलतो.

‘शुद्ध’ला ही सोय नाही. शुद्ध, गोड, गरम, लहान, नवीन, अस्सल, उत्तम ही विशेषणे अविकारी. शुद्ध तूप, शुद्ध तुपात, शुद्ध गाय, शुद्ध गाईचे, सगळीकडे रूप तेच. म्हणून ‘शुद्ध गाईचे तूप’ या तीन शब्दांत कोण कुणाचे, हे व्याकरण सांगत नाही. ते काम अर्थावर पडते आणि नेमक्या त्या क्षणभरात गाय डोळ्यांसमोर उभी राहते.

अशा वेळी एक परीक्षा हमखास उपयोगी पडते. शंका असलेले विशेषण काढा, त्या जागी ‘चांगला’ घाला आणि वाक्य मोठ्याने म्हणा. तोंडातून ‘चांगले गाईचे तूप’ येते, ‘चांगल्या गाईचे’ येत नाही. म्हणजे बोलणाऱ्याच्या मनात विशेषण तुपालाच लागलेले आहे, ‘गाईचे तूप’ हे म्हशीच्या तुपाहून वेगळ्या जिनसेचे नावच आहे आणि ‘शुद्ध’ त्या अख्ख्या नावाला जोडले आहे. ‘लहान मुलांचा दवाखाना’ला हीच परीक्षा लावली की ‘चांगल्या मुलांचा’ येते, कारण लहान मुले आहेत, दवाखाना नव्हे. रचना दोन्हीकडे एकच, जोडणी उलट, आणि वाचणारा दोन्ही पाट्या बिनचूक वाचतो.

खरी पंचाईत होते ती दोन्ही उत्तरे शक्य असतात तेव्हा. ‘गोड लिंबाचे लोणचे’ घ्या. लिंबाचे तिखट लोणचे असते तसे गोडही असते, आणि बाजारात गोड लिंबेही मिळतात. विदर्भातल्या गिऱ्हाइकाचा आणखी वेगळा घोटाळा, कारण तिकडे गोडलिंब म्हणजे कढीपत्ता. इथे पाटी बदलायलाच हवी: ‘लिंबाचे गोड लोणचे’. ‘नवीन कपड्यांचे दुकान’ मात्र शब्दांची जागा न हलवताही सुधारते. ‘नवीन’ काढून ‘नवा’ आणा. ‘नवे कपड्यांचे दुकान’ की ‘नव्या कपड्यांचे दुकान’, ते तिथल्या तिथे ठरते. दुर्दैवाने ‘शुद्ध’ला असा आकारान्त जोडीदार नाही. निर्भेळ, अस्सल, चोख, सगळे त्याच्यासारखेच न बदलणारे.

पण तुपाच्या बाबतीत मराठीकडे त्याहून चांगला शब्द आहे: साजूक. तोही अविकारीच, तरी ‘साजूक गाईचे तूप’ वाचून कुणी गाईकडे बघणार नाही, कारण हा शब्द तुपाशीच इतका बांधला गेला आहे की मधे काहीही आले तरी तो तुपालाच जाऊन मिळतो. 1937मध्ये डालडा बाजारात आला, वनस्पती तूप घरोघर पोचले आणि खरे तूप वेगळे सांगायची गरज वाढली. ते सांगायला साजूक पुरेसा आहे. पाटीवर ‘गाईचे साजूक तूप’ लिहावे. ‘शुद्ध’ पाटीवर सुरुवातीला का येतो याचे कारण मांडणीत आहे: तो मोठ्या लाल अक्षरांत वरच्या ओळीत एकटा बसतो आणि ‘गाईचे तूप’ खाली. तशा दोन ओळींत वाचले तर संदिग्धता जवळजवळ उरत नाही. तोच मजकूर एका ओळीत, एका मापात आणला की गाय शुद्ध होते.

आता जी पाटी खरोखर चुकलेली आहे ती: ‘ताजे फळांचा रस’. रस पुल्लिंगी, म्हणजे ‘ताजा’ हवे. फळे ताजी म्हणायची तर ‘ताज्या’ हवे. ‘ताजे’ दोन्हींना लागत नाही. हे आले हिंदीतून. ‘ताजे फलों का रस’मध्ये सामान्यरूप एकारान्त होते, मराठीत ते याकारान्त होते, आणि शब्दाला शब्द ठेवताना ‘ताजे’ तसाच राहून गेला. दुकाने व आस्थापना कायद्यातल्या 2022च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी सक्तीची झाली, इतर लिपीहून लहान अक्षरेही चालत नाहीत. पाटी बदलायचीच असेल तर छपाईला देण्याआधी मजकूर एखाद्या मराठी बोलणाऱ्याला मोठ्याने वाचायला द्यावा. अशी चूक डोळ्याला सुटते, जिभेला सुटत नाही. आणि फळवाल्याने हेही ठरवावे की ताजे काय आहे. ‘ताज्या फळांचा रस’ फळांची हमी देतो. रस आत्ता काढलेला आहे हे सांगायचे तर ‘फळांचा ताजा रस’.

जाता जाता, तुपाच्या पाटीवर ‘शुध्द’ लिहिलेले दिसते, ते मात्र शंभर टक्के चूक. आधी द, मग ध: शुध् + त = शुद्ध, कारण ध् च्या पुढे त चाही ध होतो. संस्कृतात असे दोन महाप्राण (ध, भ यांसारखी हकार मिसळलेली व्यंजने) एकमेकांना लागून येत नाहीत, पहिला अल्पप्राण होतो, म्हणजे त्यातला हकार जातो, म्हणून बुद्धी, युद्ध, प्रसिद्ध, सगळीकडे अर्धा द. चूक होते ती अक्षरांच्या आकारामुळे. ध ला उभा दंड आहे, तो कापला की अर्धा ध सहज तयार. द ला तसा दंड नाही, म्हणून ध त्याच्या पोटाखाली टांगावा लागतो, आणि तो लहान अक्षरांत गिचमिड दिसतो. जोडाक्षर नीट उमटत नसेल तर द चा पाय मोडून ‘शुद्‌ध’ लिहा, ते चालते. इनस्क्रिप्ट कळफलकावर इंग्रजी कळांचा क्रम असा: द साठी ओ, पाय मोडायला डी, मग शिफ्ट धरून पुन्हा ओ.