फळीच नाही, तर शिकवू कशावर?

प्रश्न: मी 31 वर्षांचा. कॉलेजात सूर मारायच्या राज्य स्पर्धेत 3 मीटर उंचीच्या स्प्रिंगबोर्डवर, म्हणजे लवचीक फळीवर, खेळलो. उजवा खांदा दोनदा निखळला आणि सूर मारणं सुटलं. आता मुलांना शिकवावंसं वाटतं, पण तालुक्याच्या जलतरण तलावावर फळीच नाही. नोकरी सोडून शहरात जाऊ का?

उत्तर: नोकरी सोडू नका. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे घरची मंडळी पुढचं निवांत वाचतील.

सॅमी ली हे नाव ऐकलंय? कोरियन आईबापांचा, कॅलिफोर्नियातला मुलगा. पॅसाडेनाच्या सार्वजनिक तलावात गोरे नसलेल्यांना आठवड्यातून एकच दिवस प्रवेश. मग त्याच्या कोचनं परसात खड्डा खणून वाळू भरली आणि वर फळी बसवली. त्या वाळूत उड्या मारत तयार झालेल्या लींनी 1948 साली लंडन ऑलिंपिकला प्लॅटफॉर्मवर (न लवणाऱ्या उंच चौथऱ्यावर) सुवर्ण आणि स्प्रिंगबोर्डवर कांस्य घेतलं, 1952 साली हेलसिंकीत पुन्हा सुवर्ण, तेही 32व्या वाढदिवशी. पुढे बॉब वेबस्टर आणि ग्रेग लुगानिस हे ऑलिंपिक विजेते सूरपटू त्यांच्या हाताखाली घडले. आणि पोटापाण्याला? ते कानाचे डॉक्टर होते!

तेव्हा कोरड्या जमिनीवर सुरुवात करा. फरशीवर खडूनं फळीएवढी पट्टी आखा, सूर मारण्याआधीची चाल आणि शेवटची उडी त्यावरच घोटून घ्या. भिंतीला टेकून हातांवर उभं राहणं, गादीवर कोलांट्या. पाण्यात शिरताना तळहात सपाट हवेत, हेही जमिनीवरच शिकवता येतं. विहिरीत मुटके मारणारी पोरं बोटं टोकदार करून येतात, ती सवय मोडायला महिना जातो.

माझी एक चूक सांगतो. सुरुवातीला मी सारखं स्वतः करून दाखवायचो. पोरं टाळ्या वाजवायची, शिकायची काहीच नाहीत. गुडघा दुखावला, काठावर बसावं लागलं, तेव्हा कुठे मला त्यांचे पाय दिसायला लागले. बहुतेक सूर हवेत बिघडत नाही, फळी सोडतानाच बिघडलेला असतो. तुमच्या खांद्यानं तुम्हाला काठावर आधीच बसवलंय, ते बरंच झालं म्हणा.

फक्त एक करू नका: नगरपालिकेच्या मागे लागून घाईनं फळी ठोकून घेऊ नका. 1 मीटर उंचीच्या फळीखालीसुद्धा साधारण साडेतीन मीटर पाणी लागतं. रविवारी दोरीला वजन बांधून खोल बाजूचं माप घ्या आणि मला कळवा.